जुनी महासत्ता आणि उगवती सत्ता

प्रश्न : अमेरिका-चीन तणावावर लिहिताना, जुन्या महासत्तेला उगवत्या सत्तेशी कधी ना कधी लढावेच लागते, असे अनेक जण ठामपणे सांगतात. लढाई न होता जागा करून दिल्याचे उदाहरण इतिहासात आहे का?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आहे, आणि ते खुद्द अमेरिकेच्याच उदयाचे आहे. १८९५ मध्ये व्हेनेझुएला आणि ब्रिटिश गयाना यांच्या सीमावादात अमेरिकेने लवादाची मागणी केली, तीही या खंडात आपलाच शब्द चालतो अशा भाषेत. ब्रिटनचे पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी चार महिन्यांनी उत्तर दिले आणि मागणी साफ फेटाळली. तेव्हा अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी काँग्रेसला असा संदेश पाठवला की युद्धाची चर्चा सुरू झाली. पण जानेवारी १८९६ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल या बोअरांच्या (डच वंशाच्या वसाहतकऱ्यांच्या) प्रजासत्ताकावर ब्रिटिश अधिकारी जेमसन याने केलेली चढाई परतवल्याबद्दल जर्मन सम्राटाने तिथल्या अध्यक्षांना अभिनंदनाची तार केली आणि ब्रिटिश जनतेचा सारा राग जर्मनीकडे वळला. अखेर ब्रिटनने लवाद मान्य केला.

पुढे माघारीचा क्रमच लागला. मध्य अमेरिकेतील नियोजित कालव्यावर एकट्या कोणाचेच नियंत्रण राहणार नाही, हे १८५० च्या करारातील बंधन बोअर युद्धात अडकलेल्या ब्रिटनने १९०१ मध्ये सोडून दिले. १९०३ मध्ये अमेरिकेचा अलास्का आणि ब्रिटिश साम्राज्यातील कॅनडा यांच्या सीमेचा निवाडा करण्यासाठी लंडनमध्ये सहा जण बसले : तीन अमेरिकन, दोन कॅनडाचे आणि इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड अल्वरस्टोन. मुख्य मुद्द्यावर अल्वरस्टोन यांनी अमेरिकेच्या बाजूने मत दिले आणि कॅनडाच्या दोघांनी निवाड्यावर सही करण्यास नकार दिला. ब्रिटनच्या समजूतदारपणाचे कौतुक करताना, त्याची किंमत कोणी मोजली हे विसरले जाते, याची मला खंत वाटते.

दोन्ही देशांची भाषा एक, म्हणून हे जमले, हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. भाषा तर १८१४ मध्येही एकच होती, तरी ब्रिटिश सैन्याने व्हाइट हाउस जाळलेच. खरे कारण असे की अमेरिकेला जे हवे होते ते ब्रिटनच्या जिवावर बेतणारे नव्हते. जर्मनीने मात्र १८९८ पासून कायदे करून उत्तर समुद्रात, म्हणजे ब्रिटनच्या दाराशीच, आरमार उभारायला घेतले. अन्नधान्यासाठी समुद्रावर विसंबलेल्या बेटाला तिथे मागे सरकायला जागाच नव्हती.

म्हणून आजच्या वादातही, कोणती गोष्ट सोडता येते आणि कोणती नाही, हे अमेरिकेला आधी ठरवावे लागेल. व्यापार आणि तंत्रज्ञानात देवघेव शक्य आहे. तैवान हा खरा पेच आहे. १९७९ मध्ये अमेरिकेने बीजिंगला राजनैतिक मान्यता दिली आणि त्याच वर्षी तैवानला संरक्षणसामग्री पुरवण्याचा कायदाही केला. ही संदिग्धता आजवर टिकली. ती मोडून वॉशिंग्टनने उद्या सवलत दिलीच, तर तिची किंमत तैवानमधील सुमारे २ कोटी ३० लाख लोक मोजतील, आणि त्यांना न विचारता केलेल्या तडजोडीला शहाणपण म्हणायला मी तयार नाही.