अंतराळवीर, प्रवासी की सहभागी?

प्रश्न असा आहे: तिकीट काढून दहा-अकरा मिनिटांत अंतराळाच्या उंबरठ्याला शिवून येणाऱ्या माणसाला अमेरिकी कायदा 'स्पेस फ्लाइट पार्टिसिपंट' म्हणतो. त्याला मराठीत सरळ 'अंतराळप्रवासी' म्हटलं तर काय बिघडतं?

बोलताना काहीच नाही. कायद्याच्या भाषांतरात मात्र सगळंच बिघडतं, कारण 'पॅसेंजर' हा शब्द तिथे टाळलेला आहे.

जून २००४ मध्ये अमेरिकेतल्या मोहावीच्या वाळवंटातून उडालेल्या 'स्पेसशिपवन'मधून, खासगी यानाने पहिल्यांदाच, माणूस १०० किलोमीटरच्या वर जाऊन आला. त्याच डिसेंबरात अमेरिकेने व्यावसायिक अंतराळ-उड्डाणांचा कायदा दुरुस्त केला आणि यानात बसलेला, पण कर्मचारी नसलेला तो 'पार्टिसिपंट' अशी व्याख्या केली. 'प्रवासी' म्हटलं की समोर वाहतूकदार आला, आणि त्याच्यावर प्रवाशाला सुखरूप पोचवण्याची भारी जबाबदारी आली. एसटीत आपण फार तर आपलं सामान सांभाळायचं. इथे जीवही आपला आपणच.

म्हणजे कसं? उड्डाणाआधी कंपनीने त्याला लेखी सांगायचं: ज्ञात धोके हे, अज्ञात धोकेही असू शकतात, मृत्यू येऊ शकतो, कायमचं अपंगत्व येऊ शकतं, आणि हे यान माणसं नेण्यास सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र सरकारने दिलेलं नाही. त्याला प्रश्न विचारू द्यायचे, मग त्याची लेखी संमती घ्यायची. यानात बसलेल्यांच्या सुरक्षेसाठी नियम करायला विमान वाहतूक खात्याला आधी आठ वर्षं मनाई होती (अपघात किंवा थोडक्यात टळलेला अपघात घडला तर गोष्ट वेगळी). ती मुदत वाढत वाढत आता १ जानेवारी २०२८ वर आली आहे. जमिनीवरच्या लोकांच्या सुरक्षेचे नियम मात्र पहिल्यापासून आहेत.

आता 'सहभागी'. मराठीत हा शब्द नाम म्हणून जरा अवघडतो. आपण स्पर्धेत सहभागी 'होतो', आणि 'सर्व सहभागींना' हे शिबिराच्या प्रमाणपत्रावरच शोभतं. पण त्यातला 'भाग' बघा. सुखदुःखात सहभागी होणारा म्हणजे वाटा उचलणारा. या कायद्यातला माणूस नेमका जोखमीचा वाटा उचलतो. तेव्हा कायद्याच्या मजकुरात 'उड्डाण-सहभागी' लिहावं, असं माझं मत. मे २०२४ मध्ये 'ब्लू ओरिजिन' या खासगी कंपनीच्या यानातून गेलेल्या गोपी थोटाकुरांसारख्यांच्या बातमीला 'अंतराळ पर्यटक' पुरे.

'अंतराळवीर' मात्र जपून वापरावा. आपल्या कानात तो १९८४ च्या राकेश शर्मांपासून बसलाय, आणि त्यांनी अंतराळात आठवडाभर काम केलं होतं. अमेरिकी विमान वाहतूक खात्यालाही हा पेच पडलाच. खासगी उड्डाणांतल्या अंतराळवीरांना ते मानाचे पंख (पंखांच्या आकाराचा बिल्ला) देत असे. जुलै २०२१ मध्ये त्याने अट कडक केली: ८० किलोमीटरची उंची गाठणं पुरेसं नाही, उड्डाणात कर्मचारी म्हणून उपयोगाचं काही केलेलं असावं. त्या वर्षाअखेर पंख देणंच थांबवलं.

मला स्वतःला मोह होतो तो जुन्या 'उतारू'चा. रेल्वेच्या काळातला शब्द. वर जाऊन लगेच खाली उतरणाऱ्याला याहून नेमकं नाव कुठलं? पण अर्थाने तोही प्रवासीच, त्यामुळे वकील तो घेऊ देणार नाहीत.