खडकावर गळ टाकायला निघालास ना, मग हे आधी वाच

अरे,

तुम्ही तिघं खडकावरून मासे धरायला निघालात आणि काय काय घ्यावं ते विचारलंस, म्हणून लिहितोय. रॉड, म्हणजे गळाची काठी, लांब घे, दहा-अकरा फुटी, आणि ते लांब कास्ट बसावा, म्हणजे गळ लांब फेकला जावा म्हणून नाही. रॉड लांब असला की कडेपासून तीन पावलं मागे उभं राहूनही लाइन, म्हणजे गळाचा दोरा, खडकाच्या धारेला न घासता पाण्यात ठेवता येते. बोटीवरचा आखूड रॉड घेऊन खडकावर आलेला माणूस हमखास अगदी टोकाला उभा दिसतो, बिचाऱ्याला दुसरा इलाजच नसतो. म्हणजे बघ, दुकानात रॉड घेतानाच तू कुठे उभा राहणार ते निम्मं ठरून जातं. माझं सगळं सांगणं याच धर्तीचं आहे. जे काही ठरवायचं ते आधी ठरव, वर सुक्यात उभा असताना, हात रिकामे असताना, कारण एकदा मासा लागला की डोकं चालत नाही, तुझंही नाही आणि माझंही नाही, तेव्हा पाय आपोआप पाण्याच्या दिशेने सरकतात.

आता लाटांचं. समुद्राच्या अंदाजाच्या ॲपवर लाटांची उंची १.५ मीटर दिसली की लोक म्हणतात चला, दीड मीटर, काही नाही. पण तो आकडा म्हणजे सगळ्यात मोठ्या लाटा नव्हेत, तो वरच्या एक-तृतीयांश लाटांच्या उंचीची सरासरी असतो. दोन-तीन तास उभा राहिलास तर साधारण हजारेक लाटा समोरून जातात आणि त्यातली एखादी त्या आकड्याच्या जवळपास दुप्पट येणार हे त्या गणितातच बसलेलं आहे. नंतर सगळे म्हणतात अचानक आली, कुठून आली कळलंच नाही. अचानक कसली, ती येणारच होती, फक्त कधी ते माहीत नव्हतं.

आणि उंचीच्या शेजारी सेकंदात एक आकडा लिहिलेला असतो, पिरियड, तो कुणी बघत नाही आणि माझ्या मते खडकावरच्या माणसाने तोच पहिला बघायचा. दोन लाटांच्या मधे किती सेकंद जातात ते त्यात कळतं. खोल पाण्यात ६ सेकंदांची लाट ५५-५६ मीटर लांब असते आणि १२ सेकंदांची सव्वादोनशे मीटरच्या आसपास, म्हणजे उंची तीच दिसली तरी मागे येणारं पाणी कितीतरी जास्त, आणि असं पाणी उथळात आलं की जास्त उंचावतं आणि खडकावर लांबपर्यंत चढत जातं. ही लांब पल्ल्याची लाट शेकडो किलोमीटर दूरच्या वादळातून निघालेली असते, त्यामुळे आपल्याकडे वारा पडलेला, ऊन छान, पाणी तेलासारखं गुळगुळीत, आणि दहा-बारा मिनिटांनी एकदम चार-पाच मोठ्या लाटांचा घोळका येतो आणि परत सगळं शांत. असे दिवस मला खवळलेल्या दिवसापेक्षा जास्त वाईट वाटतात. खवळलेल्या दिवशी निदान घरी बसायची अक्कल येते.

म्हणून पोचल्या पोचल्या खाली उतरायचं नाही. वरून अर्धा तास नुसतं बघायचं, घड्याळ लावून, आणि त्या अर्ध्या तासात रॉड पिशवीतच राहू दे. हे मुद्दाम सांगतोय, कारण बघत बघत रॉड जोडतो, गाठ मारतो असं म्हणणारा माणूस गाठीकडे बघत असतो, पाण्याकडे नाही. जिथे उभं राहायचा विचार आहे ती जागा एकदा जरी भिजली तरी ती जागा बाद. थोडीशीच भिजली, घोट्यापर्यंतच आलं, असलं काही चालणार नाही. एक घनमीटर समुद्राचं पाणी एक टनाहून थोडं जास्तच भरतं, ते गुडघ्यापर्यंत जोरात आलं की उभं राहता येत नाही, मग तू कितीही दणकट अस. आणि खडक सुका दिसतोय म्हणजे तिथे पाणी येत नाही असंही समजू नको, काळा खडक उन्हात बघता बघता सुकतो आणि ओहोटी चालू असेल तर तासाभरापूर्वी तिथे लाट फुटत असेल. खळग्यांत पाणी साचलंय का, ओलं शेवाळ चिकटलंय का, ते बघ.

भरती-ओहोटीचं टेबल तर तू बघतोसच, पण नुसती वेळ बघून भागत नाही. जिथे दिवसातून दोन भरत्या येतात तिथे ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात आणि पाणी सगळे तास सारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग परत कमी. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी वर येतं. पहिला तास बघून माणूस म्हणतो अजून बराच वेळ आहे, आणि तिथेच फसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे, तेव्हा हे आणखी जोरात होतं, त्या दिवसांत नवीन जागा ट्राय करूच नको.

यातली खरी गोम मात्र समोर नसते, पाठीमागे असते. पुढे आलेल्या खडकाचा माथा बऱ्याचदा उंच असतो आणि त्याच्या आणि किनाऱ्याच्या मधे एक घळ असते, जाताना तू ती सुक्या पायाने ओलांडतोस, लक्षातही राहत नाही. भरती सुरू झाली की पाणी आधी त्या घळीत शिरतं. तू उभा आहेस ती जागा अजून कोरडी, मासे लागतायत, मजा चाललीय, आणि मागे कमरेएवढं पाणी खेचतंय. म्हणून जाताना वाटेतली सगळ्यात खालची जागा कुठली ते बघून ठेव, ती जागा भरायच्या बरंच आधी परत निघायची वेळ ठरव आणि मोबाइलला अलार्म लाव. अलार्म वाजला की उठायचं, शेवटचा एक कास्ट वगैरे काही नाही.

चांगले शूज हवेत असं लिहिलंस ते अर्धं बरोबर आहे. चप्पल नको, गमबूट तर अजिबात नको, त्यात पाणी भरलं की पाय हलवणं मुश्कील. पण भारीतले शूज घेतले म्हणजे कुठेही चालता येतं असंही नाही, सगळा खडक सारखा नसतो. हिरवं केसाळ शेवाळ दिसतं तरी, माणूस सांभाळून पाय टाकतो. फसवतो तो भरतीच्या वरच्या रेषेजवळचा काळा पट्टा. तो शेवाळासारखा वाटतच नाही, खडकाचाच रंग वाटतो, आणि सुका असताना चक्क पकड देतो. पण वरून थोडं पाणी पडलं, पावसाची भुरभुर आली की त्याच्यावर साबण फासल्यासारखं होतं. सकाळी त्याच्यावरून आरामात उतरलेला माणूस दुपारी शिंतोडे पडल्यावर त्याच वाटेने वर येताना आपटतो. शेवाळाच्या खडकाला फेल्टचा (जाड लोकरी नमद्यासारखा) सोल किंवा बारीक खिळेवाले शूज चांगले, पण तेच खिळे उघड्या गुळगुळीत कठीण दगडावर घसरतात, तेव्हा वर सपाट ओल्या जागी आधी चालून बघ. कालवं आणि बार्नॅकल (खडकाला घट्ट बसलेले छोटे कवचवाले जीव) चिकटलेल्या भागावर पकड मस्त मिळते, पण पडलास तर तेच कातडी सोलून काढतं, म्हणून फुल पँट आणि पातळ ग्लोव्हज घाल. दोन्ही हात मोकळे हवेत, सामान पाठीवर, रॉड कव्हरमधे. एका हातात बादली आणि दुसऱ्यात रॉड घेऊन खडक उतरणारे बघितले की मला बघवत नाही.

मासा लागतो तेव्हाचं आता नीट वाच, कारण अपघात इथे होतात. मासा दमला, कडेशी आला, आडवा पडलाय, पोटाचा पांढरा भाग दिसतोय, तुझ्यात आणि त्याच्यात सहा-सात फुटांचा उतार आहे, त्यातला खालचा अर्धा ओला. रॉड वाकलेला, नजर माशावर, आणि तू एक पाऊल खाली टाकतोस, मग आणखी एक, एक हात लाइन धरायला पुढे जातो आणि समुद्राकडे कुणाचंच लक्ष नसतं, कारण मित्रही मासाच बघतोय. हे होणारच हे धरून चाल आणि मासा कुठे घ्यायचा ती जागा पहिला कास्ट टाकायच्या आधी ठरवून ठेव. लांब दांड्याचं नेट किंवा गॅफ, म्हणजे टोकाला आकडा असलेली काठी, हवं. एक जण मासा खेळवेल, दुसरा नेट धरेल आणि तिसरा फक्त पाणी बघेल, त्याने "मागे" म्हटलं की सगळ्यांनी मागे, का म्हणून विचारायचं नाही. चढत्या लाटेबरोबर मासा वर घ्यायचा, लाट उतरताना ओढाओढ करायची नाही, तेव्हा लाइन तुटते नाहीतर तू खाली खेचला जातोस. जमत नसेल तर लाइन तोड आणि सोडून दे.

हुक अडकला तरी तेच. महागाचा ल्युअर (खोटं आमिष) खाली दोन हातांवर दिसतोय म्हणून उतरणारे शहाणे लोक मी बघितलेत. उतरू नको. ड्रॅग, म्हणजे रिळावरचा ब्रेक, टाइट कर, रॉड सरळ लाइनच्या रेषेत धर आणि मागे चालत जा, पाठीमागची वाट बघून, आणि ब्रेडेड (विणलेली बारीक) लाइन हाताला गुंडाळून ओढू नको, ती बोट कापते, लाकडाच्या तुकड्याला दोन वेढे दे आणि ओढ.

लाइफ जॅकेटवर तू "मला पोहता येतं" असं लिहिलंयस, ते वाचून मला हसूच आलं. पोहता येणाराही आधी डोकं किंवा कोपर आपटूनच पाण्यात पडतो, आणि खडकाशी जो पांढरा फेस असतो त्यात हवा मिसळलेली असते, तसलं पाणी तुला नेहमीसारखं तरंगू देत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधे तर २०१६ साली खडकावरच्या मासेमारीसाठी वेगळा कायदाच केला, ठरवून दिलेल्या किनाऱ्यांवर जॅकेट घालणं सक्तीचं. पोहणारे लोक तिथे काय कमी आहेत? माझं मत विचारशील तर साधं फोमचं घे. फुगणारं हलकं असतं, घालायला बरं वाटतं, पण त्याचा फुगवायचा गॅस सिलेंडर वेळच्या वेळी तपासावा लागतो आणि कालवांवर घासून फाटलं तर संपलं.

मोठी लाट अंगावर येतेय आणि मागे सरकायला वेळ नाही असं झालं तर पाठ फिरवून पळू नको. रॉड टाकून दे, खाली बस, पक्का दगड मिठीत धर, तोंड लाटेकडे, आणि पाणी पूर्ण ओसरेपर्यंत उठू नको, कारण परत जाणारं पाणीही तितकंच ओढतं. पाण्यात पडलासच तर मन म्हणेल की लगेच खडक पकड, तेच करायचं नाही. पुढची लाट तुला त्याच खडकावर आपटणार असते. खडकापासून लांब जा, लाटा फुटतायत त्याच्या बाहेर, पाठीवर पड, श्वास जागेवर येऊ दे आणि मग आजूबाजूला बघ, कुठे वाळू आहे, कुठे पाणी शांत शिरतंय. तसं काहीच नसेल तर तिथेच तरंगत मदतीची वाट बघ, जॅकेट असेल तर ते जमतं. आणि कंबरेला दोरी बांधून ती खडकाला बांधायची आयडिया कुणी दिली तर ऐकू नको, बांधलेला माणूस लाटेबरोबर पुन्हा पुन्हा त्याच दगडावर आदळतो.

मित्र पडला तर तू उडी मारायची नाही. वाचवायला गेलेलाच बुडतो असं वारंवार होतं, हे तुमच्या तिघांत आधी बोलून घ्या, म्हणजे वेळ आल्यावर कुणाला अपराधी वाटणार नाही. तरंगणारं जे असेल ते फेक, झाकण घट्ट लावलेला आइसबॉक्स, बूच बंद केलेला रिकामा कॅन. पंधरा-वीस मीटर तरंगणारी दोरी पिशवीत वरच्या वर ठेव, तळाला नको. एकाने त्याच्यावर बोट रोखून उभं राहायचं, नजर हटवायची नाही, लाटांमधे डोकं एकदा हरवलं की सापडत नाही, आणि दुसऱ्याने फोन लावायचा. ११२ बऱ्याच देशांत चालतो, तरी जायच्या ठिकाणी किनाऱ्यावरच्या मदतीचा नंबर कुठला ते आधी शोध, आणि खाली उतरायच्या आधी रेंज येते का ते बघ. फोन वॉटरप्रूफ कव्हरमधे, अंगावर, बॅगेत नाही.

ढग गडगडायला लागले तर रॉड आडवा ठेवून लगेच निघायचं, कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो आणि उघड्या कातळावर सगळ्यात उंच तूच असतोस.

जॅकेट घेशील तेव्हा दुकानातच घाल, सगळे पट्टे आवळ आणि कुणाला तरी दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांग. कानापर्यंत वर आलं तर एक साइझ लहान घे, आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेलं मिळालं तर तेच घे, चालताना जरा टोचतं पण सवय होते.

तुझा काका