एस्पेरान्तो : संपर्कभाषा की सामाईक भाषा?

धरमपेठेतील एका वाचकांनी आपल्या लेखातले एक वाक्य पाठवून ते तपासून मागितले आहे : ‘बहुराष्ट्रीय राजकीय संस्थांनी एस्पेरान्तो ही सामायिक राजभाषा म्हणून स्वीकारावी.’ (एस्पेरान्तो ही मुद्दाम रचलेली, कृत्रिम भाषा.) येथे ‘संपर्कभाषा’ हा शब्द अधिक योग्य ठरेल का, अशी त्यांची मुख्य शंका आहे.

‘राजभाषा’ आधी काढावी, कारण ती राज्याची असते. संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांना आपण ‘अधिकृत भाषा’ म्हणतो. १९७५ साली आपल्या नागपुरात भरलेल्या पहिल्या विश्व हिंदी संमेलनाने हिंदीसाठी मागितले ते हेच स्थान, म्हणजे यादीत आणखी एक नाव. ‘बहुराष्ट्रीय’ म्हटले की मराठीत पुढे ‘कंपनी’च ऐकू येते, म्हणून तेथे ‘आंतरराष्ट्रीय’ बरे.

‘संपर्कभाषा’ हा शब्द भाषेचे काम सांगतो, मालकी सांगत नाही. बर्डीवर दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही मराठी असताना ‘कितने का दिया?’ने घासाघीस सुरू होते आणि एखाद्याच्या तोंडून ‘अरे बाप्पा!’ निसटले की उरलेला सौदा मराठीत होतो. तोवर हिंदी ही त्यांची संपर्कभाषा असते, पण शेजारच्या दुकानातल्या हिंदी भाषकाची ती घरचीच असते. डॉ. झामेनहोफ यांनी १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या एस्पेरान्तोच्या समर्थकांचा आक्षेप नेमका या विषमतेवर आहे. युरोपीय संघाच्या २४ अधिकृत भाषांपैकी प्रत्येकीतून उरलेल्या प्रत्येकीत भाषांतर करायचे म्हटले तर ५५२ जोड्या होतात, आणि तो व्याप टाळण्यासाठी इंग्रजी किंवा फ्रेंच वापरली की कोणाला तरी ती आयतीच मिळालेली असते. त्यांना हवी आहे ती कोणत्याही एका राष्ट्राची नसलेली भाषा.

हा अर्थ ‘सामाईक’मध्ये आहे. सातबाऱ्यावर ‘सामाईक क्षेत्र’ असते, विहीर सामाईक असते, दोन घरांमधली भिंत सामाईक असते. प्रत्येकाचा हक्क असतो आणि कोणा एकाची मालकी नसते. ‘सामायिक’ असेही पुष्कळ जण लिहितात, परंतु जैन परंपरेत ‘सामायिक’ ही समभावाची साधना आहे, त्यामुळे ‘सामाईक’ लिहिलेले निःसंदिग्ध. (‘सामयिक’ तर तिसराच शब्द, प्रासंगिक या अर्थाचा.)

मात्र सामाईक जमिनीतही हिस्से सारखे असतातच असे नाही. ‘पात्रो’ म्हणजे वडील, ‘लिब्रो’ म्हणजे पुस्तक. इटालियन माणसाला हे शब्द अर्धेअधिक ओळखीचे, तर आपल्याला पाठ करावे लागणारे. शिवाय १९२०च्या दशकात राष्ट्रसंघात, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेत, शाळांमधून एस्पेरान्तो शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा फ्रान्सने कसून विरोध केला, तो फ्रेंचचे स्थान जपण्यासाठीच. तेव्हा एस्पेरान्तो आज आंतरराष्ट्रीय संस्थांत ‘सामाईक आहे’ असे लिहू नये, ‘व्हावी’ असे लिहावे.

माझ्या मते वाक्य असे करावे : ‘आंतरराष्ट्रीय राजकीय संस्थांनी एस्पेरान्तो ही आपली सामाईक भाषा करावी.’