ऑटोकॅडमध्ये मीटरमधल्या साइट प्लॅनला १:५०० स्केल दिला की ड्रॉइंग ठिपक्याएवढं का होतं?

तुम्ही लिहिलंय की सर्व्हेवाल्याकडून आलेला प्लॉट मीटरमध्ये आहे, लेआउटमध्ये (छापायच्या कागदाचं पान) व्ह्यूपोर्टला (त्या पानावर ड्रॉइंग दाखवणारी चौकट) १:५०० निवडलं की सगळं दिसेनासं होतं, आणि ऑफिसात कुणीतरी सांगितलं की अख्खं ड्रॉइंग १००० ने स्केल कर. ते मात्र करू नका. टोटल स्टेशन (कोन-अंतर मोजायचं यंत्र) किंवा डीजीपीएसचा (उपग्रहावरून मोजलेला) सर्व्हे असेल तर त्यातले आकडे अनेकदा जागेचे खरे कोऑर्डिनेट असतात, पश्चिम महाराष्ट्रात यूटीएम (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगायची पद्धत) झोन ४३ चे, आणि ते एकदा १००० ने गुणले की उद्या रस्त्याचं नाहीतर ड्रेनेजचं ड्रॉइंग त्यावर बसवायला जाल तेव्हा काहीच जुळणार नाही.

होतंय काय, ऑटोकॅडला मीटर-बिटर काही कळत नाही, त्याला फक्त युनिट कळतं. तुमचं एक युनिट म्हणजे एक मीटर, पण लेआउटचा कागद मिलिमीटरमध्ये असतो. १:५०० म्हटलं की तो कागदावरच्या १ मिमीत ड्रॉइंगची ५०० युनिट कोंबतो. समजा प्लॉट १२० मीटर लांब आहे, तर १२० भागिले ५०० म्हणजे ०.२४ मिमी, बॉलपेनच्या टोकाहून बारीक! यायला हवा होता २४० मिमी, म्हणजे ए३ वर आडवा आरामात बसणारा. फरक बरोब्बर १००० चा, एका मीटरमध्ये जितके मिमी तितका.

म्हणून व्ह्यूपोर्टला द्यायचा आकडा १००० भागिले ५००, म्हणजे २. व्ह्यूपोर्टच्या आत डबल क्लिक करून झूम कमांडला २एक्सपी दिलं तरी चालतं (एक्स पी ही दोन अक्षरं इंग्रजीतच टाइप करायची). १:२०० हवा असेल तर ५, १:१००० ला १, १:२००० ला ०.५. यादीतला तयार २:१ निवडला तरी तेच येईल, पण चार महिन्यांनी दुसऱ्या कुणी फाइल उघडली की तो २:१ बघून गोंधळणार, म्हणून मी स्वतःचे स्केल बनवून ठेवतो. स्केललिस्टएडिट कमांड द्या, अ‍ॅड करा, नाव द्या "१:५०० मीटर", पेपर युनिट्स १०००, ड्रॉइंग युनिट्स ५००. असे चारपाच करून टेम्प्लेटमध्ये सेव्ह केले की दर वेळी गणित नको. याचा मोठा फायदा अ‍ॅनोटेटिव्ह टेक्स्टला (स्केलप्रमाणे आपोआप लहान-मोठा होणारा मजकूर) होतो, कागदावर २.५ मिमी उंची हवी म्हणून सांगितलं की मॉडेलमध्ये (जिथे मूळ ड्रॉइंग काढतो तिथे) तो आपणहून १.२५ युनिटचा होतो. फक्त लिहायच्या आधी खाली उजवीकडे तोच स्केल निवडलेला असू द्या, नाहीतर व्ह्यूपोर्टमध्ये टेक्स्ट दिसणारच नाही आणि तुम्ही कुठला लेयर बंद आहे का ते शोधत बसाल.

युनिट्स कमांडबद्दल पण सांगतो कारण आपण इंजिनिअर म्हणून तिथे इंजिनिअरिंग निवडायचा मोह होतो. तो प्रकार फूट-इंचाचा आहे, त्यात एक युनिट म्हणजे एक इंच धरतात, तुमचे १२० मीटर तिथे १० फूट दिसतील. आपल्याला डेसिमल हवं, आणि इन्सर्शन स्केलला मीटर्स. त्याने काढलेलं ड्रॉइंग बदलत नाही, पण आर्किटेक्टचा मिमीमधला झाडाचा किंवा गाडीचा ब्लॉक (तयार चित्र) आणला की तो आपोआप योग्य मापाचा होऊन येतो (अर्थात त्याच्या फाइलमध्ये मिमी लावलेलं असेल तर). अमेरिकेचं काम करत असाल तर तिथले सिव्हिलवाले फुटात काढतात आणि कागद इंचात धरतात, म्हणून १ इंच = २० फूट याला सरळ १:२० चालतो, पण तेच ड्रॉइंग इंचात असेल तर १:२४० लागतो.

स्केल लावून झाला की व्ह्यूपोर्ट लॉक करा, प्रॉपर्टीजमध्ये डिस्प्ले लॉक्डला येस. हे विसरू नका, आत असताना माउसचं चाक जरा फिरलं की स्केल गेला आणि ते लक्षातही येत नाही.

प्लॉट करताना स्केल १:१ आणि फिट टू पेपरची टिक काढलेली. शिवाय मी टायटल ब्लॉकच्या (ड्रॉइंगच्या नाव-तपशिलाची चौकट) खाली कागदावरच बरोब्बर १०० मिमीची एक रेघ मारतो, आणि ते एका चुकीनंतर सुरू केलं. आमच्या एका कंपाउंडच्या प्लॅनची पीडीएफ दुकानात फिट करून प्रिंट झाली, ९७ टक्के, डोळ्याला काही कळत नाही. साइटवर मिस्त्रीने त्यावर त्रिकोणी स्केल लावून माप काढलं आणि कोपऱ्यापासून ४० मीटरवरचं गेट ३८.८० वर आखलं, मी पोचलो तोवर खड्डे खोदून झाले होते. मला फार वाईट वाटलं कारण गेटपर्यंतचं डायमेन्शन मीच टाकलं नव्हतं. आता प्रिंट हातात आली की आधी पट्टी लावून ती रेघ मोजतो, ९७ भरली तर प्रिंट परत.

एवढं करूनही नाही जमलं तर व्ह्यूपोर्टच्या प्रॉपर्टीजचा स्क्रीनशॉट टाका, पण त्याआधी कस्टम स्केलच्या ओळीत २ दिसतंय का तेवढं बघा, आणि जागेवर मोजलेली एखादी भिंत डिस्ट कमांडने मोजा, १२ मीटरची भिंत १२००० आली तर तुमची फाइल मुळात मिमीमध्येच आहे आणि मग गोष्ट वेगळी.