सोसायटीच्या आवारात पालापाचोळा जाळला तर चालतो का?

नाही, स्वतःच्या आवारातही नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यांना ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यांना २५,००० रुपये दंड ठरवला. तक्रार महापालिकेच्या घनकचरा विभागाकडे करा, फोटोसह.

पण दंडापेक्षा मला धुराची काळजी जास्त वाटते. पानं ओली असली की नीट जळत नाहीत, नुसती धुमसतात. त्या धुरातले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट फुप्फुसात खोलवर जातात. दमेकऱ्याला लगेच धाप लागते, हृदयरोग्यालाही धोका असतो. त्यात प्लॅस्टिक असेल तर डायॉक्सिनसारखी विषं. हिवाळ्यात सकाळी थंड हवा खालीच अडकते, धूरही तिच्यासोबत. साधा रुमाल हे कण अडवत नाही.

पाला खड्ड्यात टाका, शेणकाला शिंपडा, ओल ठेवा. काही महिन्यांत खत होतं.