अळवावरचं पाणी बघायला येण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. केस, मीठ, ब्लेड, मुंगी, फुलपाखराचा पंख, असं करत चौदा वस्तू. आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आपल्याला मिळणार दोन तास. मी तेरा वस्तू खोडल्या आहेत. रागावू नकोस. सगळ्यात खाली तू ‘अळूचं पान’ लिहिलंयस, तेवढं ठेवलं.

‘अळवावरचं पाणी’ आपण बोलता बोलता म्हणून जातो. ते पाणी का ठरत नाही, हे आधी घरीच बघ. पानावर थेंब सोड, पान कलतं कर. थेंब पाऱ्यासारखा घरंगळतो. आता एका जागी अंगठ्याने जोरात घास आणि तिथेच पुन्हा थेंब सोड. तो चिकटून बसेल. मग बोटाने नेमकं काय पुसलं गेलं? हा प्रश्न घेऊन ये. घासलेला एक तुकडा आणि न घासलेला एक, दोन्ही एकाच स्टबवर (सॅम्पल चिकटवायच्या धातूच्या छोट्या चकतीवर) शेजारी शेजारी लावू.

उजेडाच्या लहरी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), म्हणून तुमच्या कॉलेजातल्या मायक्रोस्कोपला सुमारे २०० नॅनोमीटरखालचं वेगळं दिसत नाही. इलेक्ट्रॉनला २० किलोव्होल्टने वेग दिला की त्याची लहर ०.०१ नॅनोमीटरपेक्षाही आखूड असते, म्हणून त्याहून कितीतरी बारीक दिसतं. पण यंत्राच्या आत व्हॅक्यूम, म्हणजे हवा काढून टाकलेली पोकळी, लागतो, त्यामुळे सॅम्पल कोरडं ठणठणीत हवं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी घाईत ओलसर देठ आत ठेवला होता. पंप घरघरत राहिला, व्हॅक्यूम येईना, आणि रांगेत थांबलेल्या एका मुलाची अख्खी वेळ माझ्यापायी गेली. त्याचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

वाळवायची घाई म्हणून पान स्पिरिटात किंवा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवू नकोस. आपल्याला बघायचं आहे ते पानावरचं मेण, आणि नेमकं तेच विरघळेल. डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात, सावकाश वाळू दे. मग सोन्याचा काही नॅनोमीटरचा थर देऊ, नाहीतर पानावर इलेक्ट्रॉन साचतात आणि चित्रभर पांढरे पट्टे उठतात.

आत गेल्यावर लगेच १०,००० पटीवर उडी मारू नकोस. नवीन मुलं हमखास तेच करतात आणि आपण पानावर कुठे आहोत हेच त्यांना कळत नाही. १०० पटीवर सुरुवात कर, आधी शिरा ओळख. ५०० च्या आसपास फोडासारखे उंचवटे दिसतील, पुढे गेलीस की त्यांच्यावरचं मेणाचं बारीक खरबरीत आवरण. थेंब या टोकांवर टेकतो, खाली हवा राहते. पेशी सुरकुतलेल्या दिसल्या तर तो पानाचा गुण समजू नकोस, आपण ते वाळवलंय. चित्र काळंपांढरंच येईल. रंग भरलास तर खाली तसं लिही. आणि स्केल बार, म्हणजे चित्राखालची मापाची पट्टी, कापू नकोस. ‘५,००० पट’ हा आकडा फोटो पडद्यावर मोठा केला की खोटा ठरतो, पट्टी मात्र चित्राबरोबर वाढते.

वेळ उरला तर देठाचा रस दुसऱ्या स्टबवर वाळवून बघू. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया दिसतील, दोन्ही टोकांना अणकुचीदार, केसाहून कितीतरी बारीक. अळू घशाला खाजतं ते यांच्यामुळे. फतफत्यात आई चिंच का घालते, हे तिला विचारून ये.

शनिवारी पान आणून दे, म्हणजे सोमवारपर्यंत वाळेल. वहीत दाबून आणू नकोस, मेण चेपतं. देठासकट मोठ्या डब्यात ठेव, पानाच्या वरच्या बाजूला बोट लागू देऊ नकोस.

तुझी,
मॅडम