मेहनत एवढी आणि कार्य शून्य?

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, बाकी सगळे विषय बरे आहेत हो, फक्त फिजिक्समध्येच गाडी अडते, मग याचं किंवा हिचं त्या विषयाचं डोकंच नाही असं समजायचं का? यावर मी दरवेळी एकच केस सांगते. मुलीच्या आणि तिच्या बाबांच्या परवानगीने सांगतेय, ओळख पटेल असं काही लिहीत नाहीये.

नववीतली मुलगी. बाबा घेऊन आले होते. युनिट टेस्टमध्ये 'कार्य आणि ऊर्जा' या धड्यावर २० पैकी ४ मार्क, आणि तेव्हापासून ती पुस्तकच उघडत नव्हती. बाबा सांगत होते की मॅडम, ती रात्री अकरापर्यंत बसते, व्याख्या तोंडपाठ आहेत, तुम्ही आत्ता विचारा. मी विचारलं. तिने मान खाली घालून एका दमात म्हणून दाखवलं, ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्ट करता येत नाही, एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात रूपांतर होतं, विश्वातली एकूण ऊर्जा कायम राहते. एक शब्द चुकला नाही.

मग बाबांना बाहेर बसवलं आणि तिला म्हटलं, या धड्यातली कुठली गोष्ट तुला सगळ्यात खोटी वाटते ते सांग. 'अवघड' मुद्दाम म्हटलं नाही, कारण अवघड काय विचारलं की मुलं 'सगळंच' म्हणतात आणि तिथे विषय संपतो. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मॅडम, भिंत ढकलली तर कार्य शून्य. दप्तर घेऊन तासभर उभं राहिलं तरी कार्य शून्य. मग माणूस दमतो कसा? मी वर्गात विचारलं तर सगळे हसले, आणि पुस्तकात दिलंय तेवढं लिही असं उत्तर मिळालं." आणि मग एकदम रडायलाच लागली, म्हणे मी पण तशीच आहे, एवढी मेहनत करते आणि विस्थापन, म्हणजे जागेवरून हलणं, काहीच नाही.

मी समुपदेशनाकडे वळायच्या आधी फिजिक्समध्ये बीएस्सी केलंय, त्यामुळे इथे मला फक्त पाणी पुढे करून चालणार नव्हतं. तिचा प्रश्न बरोबर होता आणि त्याला उत्तर होतं. दप्तर हातात धरून उभं राहिलो तर दप्तर हललेलं नाही, म्हणून दप्तरावर झालेलं कार्य शून्य, हे खरंच आहे. पण स्नायू म्हणजे काही खुंटी नाही. दप्तर तोलून धरायला स्नायूंमधले तंतू आतल्या आत सारखे ताणत सोडत राहतात, त्यात खाल्लेल्या अन्नातली रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. म्हणजे खर्च खरा, दमणं पण खरं, फक्त ती ऊर्जा दप्तरात गेली नाही. खुंटीला तेच दप्तर टांगलं तर खुंटी काहीच खर्च करत नाही. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग एवढंच सांगायचं होतं ना." अगदी हेच शब्द.

मला विचाराल तर या धड्याची अर्धी अडचण शब्दांची आहे. 'कार्य' आपण रोज बोलतो, पण फिजिक्समध्ये बल गुणिले बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन एवढाच त्याचा अर्थ. आणि एकीकडे ऊर्जा अक्षय्य आहे म्हणून शिकवतात, दुसरीकडे ऊर्जा वाचवा म्हणून चित्र काढायला लावतात, मग विचार करणारं मूल विचारणारच की संपतच नाही तर वाचवायची कशाला. (संपत नाही, पण पसरते. दिव्याचा प्रकाश आणि उष्णता भिंतींत, हवेत जिरून गेली की एकूण जूल (ऊर्जा मोजायचं एकक) तेवढेच असतात, पण ते गोळा करून परत दिवा लावता येत नाही. वाचवायची असते ती कामाला येणारी ऊर्जा.)

त्यानंतर तिची उत्तरपत्रिका बघितली. गणित असं होतं, २ किलोची वस्तू ५ मीटरवरून सोडली, जमिनीपासून ३ मीटरवर असताना स्थितिज (उंचीमुळे असलेली) आणि गतिज (वेगामुळे असलेली) ऊर्जा किती? सुरुवातीची ९८ जूल तिने बरोबर काढली होती. मग ३ मीटरवरची स्थितिज ऊर्जा काढताना उंची ३ च्या जागी २ घातली, म्हणजे वस्तू जेवढी पडली तेवढी, आणि आलं ३९.२. गतिज पण ३९.२, ती बरोबर. वर लाल पेनने मोठी फुली आणि शून्य मार्क. मी म्हटलं, बेरीज कर. ७८.४. "सुरुवातीला किती होते?" ९८. "मग १९.६ जूल गेले कुठे?" ती कागदाकडे बघत राहिली, दोन मिनिटं तरी, मी काही बोलले नाही, आणि मग तिनेच पेन घेऊन २ खोडलं, ३ केलं, ५८.८ लिहिलं, बेरीज मारली आणि ९८ आल्यावर माझ्याकडे बघितलं. जो नियम ती घडाघडा म्हणत होती तोच आपली चूक पकडायला वापरता येतो हे तिला कोणी दाखवलंच नव्हतं.

पुढच्या वेळी माझ्या किल्ल्यांचा जुडगा लांब दोऱ्याला बांधून छताच्या हुकाला लटकवला, तिला भिंतीला डोकं टेकून उभं केलं, जुडगा नाकाच्या टोकाला लावून नुसता सोडायला सांगितला, ढकलायचा नाही आणि जागचं हलायचं नाही. सोडला, गेला, आणि परत येताना तिने घाबरून मान फिरवली. नियम पाठ होता पण भरवसा नव्हता. तिसऱ्या वेळी डोळे उघडे ठेवून उभी राहिली आणि किल्ल्या नाकाच्या जरा अलीकडूनच माघारी फिरल्या.

लगेच प्रश्न आला. दरवेळी थोड्या अलीकडेच का थांबतायत? म्हटलं हवेच्या आणि दोऱ्याच्या घर्षणात थोडी थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. तर म्हणे, "मग किल्ल्या गरम का लागत नाहीत?" हा प्रश्न ऐकून मला इतका आनंद झाला की काय सांगू. आम्ही हिशोबच मांडला. १०० ग्रॅमचा जुडगा ३० सेंटीमीटर वर उचलला तर साधारण ०.३ जूल. आणि एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागतात जवळजवळ ४१८६ जूल. म्हणजे जुडगा चौदा हजार वेळा नाकापर्यंत उचलायचा तेव्हा कुठे पाणी एक अंश तापणार, हाताला काय कळणार? तिला हे पण सांगितलं की हा हिशोब मोठ्या माणसांना पण सहज जमला नव्हता, १८४२ मध्ये मायर नावाच्या डॉक्टरने उष्णता आणि कार्य एकमेकांत बदलतात असं मांडलं तर फारसं कोणी लक्ष दिलं नाही, आणि जूल, ज्याचं नाव आपण एककाला देतो, तो वजनं खाली सोडून त्यांच्या जोरावर पाण्यात पाती फिरवायचा आणि पाणी किती तापलं ते मोजत बसायचा, बदल इतका बारीक की लोकांना पटायलाच वेळ लागला.

बाबांना मी दोनच गोष्टी सांगितल्या. अकरापर्यंत बसवू नका. आणि मार्क किती पडले हे विचारायच्या आधी आज कुठे पटलं नाही ते विचारा, उत्तर तुम्हाला आलं नाही तरी चालेल, दोघं मिळून शोधा. त्यांना पहिल्यांदा ते फार साधं वाटलं, चेहऱ्यावरच दिसत होतं.

पुढच्या टेस्टला तिला १३ पडले. २० पैकी २० नाही, पण प्रत्येक गणिताखाली पेन्सिलने छोटी बेरीज होती.

चौथ्या भेटीला आली तर खुर्चीवर बसायच्या आधीच दोऱ्याकडे गेली. "मॅडम, सोडायच्या ऐवजी ढकलला तर?" म्हटलं तूच सांग. "मग मी त्याच्यावर कार्य केलं ना, तेवढी ऊर्जा जास्तीची आली, म्हणजे येताना नाकाच्या पुढे जाणार." असं म्हणून ती भिंतीपासून बाजूला झाली आणि जुडगा जोरात ढकलला.